बाबा आले व इतर किरकोळ

६ जुलै

संजू, लेकी, लिहायला उशीर झाला, रागावू नकोस. वही हातात दिलीस तेव्हा पोचल्या दिवसापासून लिहीन म्हणालो होतो. पण आधी सामान लावायचं होतं, मग गुडघा धरला, मग पेन सापडेना. पेन तुझ्या वहिनीने, स्वप्नालीने ड्रॉवरमध्ये टाकलं होतं. या घरात ड्रॉवर फार. आता पान भरलं की तू शिकवलंस तसा फोटो काढून पाठवतो. अक्षर लागलं नाही तर फोन कर. माझी शाळा चौथीला सुटली, हे तुला माहीतच आहे.

तुझ्या भावाचं, अभिजीतचं घर छान आहे, हे आधी लिहितो. अंबरनाथ पूर्वेला, सहावा मजला. खिडकीतून मलंगगड दिसतो. लिफ्टमध्ये मला भीती वाटते, पण स्वप्नाली बरोबर असली की जातो. पाणी नळाला चोवीस तास. आपल्या बारवी धरणाचंच पाणी. आपल्या पाड्यावर तुझी आई डोक्यावरून हंडे आणायची, त्या पाण्याला इथे नुसती चावी फिरवायची.

पाडा सोडताना शेवटचा मीच निघालो. धरणाची उंची वाढली, यंदा आपल्या घरापर्यंत पाणी येणार हे सगळ्यांना कळलं होतं, तरी मी बसून राहिलो, म्हणून अभिजीत टेम्पो घेऊनच आला. निघायची घाई. मी गोधडीत सगळं एकत्र घातलं. तांब्या, कोयता, लोणच्याची बरणी, कागदपत्रं, विठाचा फोटो. एक गाठोडं केलं आणि बाजेवर बांधलं. इथे सोडलं तर तुझ्या आईच्या फोटोला लोणच्याचं तेल लागलेलं. अभिजीत हसून हसून बेजार. म्हणाला, बाबा, असं कोण बांधतं? मी म्हटलं, घर एक, मग गाठोडं एक.

बाज हॉलच्या खिडकीशी टाकलीय. निळ्या पट्टीने मीच विणलेली, त्यामुळे झोप लागते. आणि त्याच संध्याकाळी स्वप्नालीने बातमी दिली, ती तुला कळलीच. पेढे मीच आणले. दिवाळीनंतर घरात पाळणा. तुझी आई असती तर नाचली असती.

११ जुलै

अभिजीत बरेच दिवस घरूनच काम करतो. उल्हासनगरात मधु शेठ म्हणून सिंधी माणूस आहे, त्याची कंपनी. फर्निचरच्या दुकानात कुठला सोफा शिल्लक आहे ते सांगणारा प्रोग्राम बनवतात. शेठचा आवाज इतका मोठा की फोन टेबलावर असला तरी मला स्वयंपाकघरात ऐकू येतो. काल ओरडत होता, अरे अभि, ये क्या खिचडी भेजी है, सब एक में डाल दिया, देखता नहीं क्या भेजने से पहले! अभिजीत तोंड पाडून यस सर, यस सर.

मी विचारलं काय झालं. आधी म्हणाला तुम्हाला कळणार नाही. मग चहा पिता पिता सांगितलं. प्रोग्राम म्हणजे नुसत्या ओळी. रोज काहीतरी बदलायचं. बदल झाला की त्याची पुडी बांधायची आणि पुडीवर लिहायचं, आत काय आहे. ते लोक कमिट म्हणतात, मी पुडीच म्हणतो, वाण्याच्या दुकानातल्यासारखी. पुढे काही बिघडलं तर ती एक पुडी मागे घ्यायची, की जे होतं ते जसंच्या तसं परत. म्हणून एका पुडीत एकच गोष्ट हवी. दोन बांधल्या तर मागे घेताना दोन्ही जातात. याला नेमका त्याचाच कंटाळा. हाताला येईल ते एकात कोंबतो, आणि मागे घेतानाही आत काय आहे ते उघडून बघत नाही.

मग एक गंमत दाखवली. फ्लॅट घेतल्यापासून या घराचीही त्याने अशीच फाइल ठेवलीय. कुठली वस्तू कुठे, एकेक ओळ. पडदे लावले, एक पुडी. कपाट हलवलं, एक पुडी. नवराबायकोची भांडणं व्हायची, कोणी काय हलवलं यावरून, म्हणून सुरू केलं म्हणे. मी आलो त्या दिवसाचीही पुडी होती. वर लिहिलं होतं, बाबा आले व इतर किरकोळ. आत बाज, विठाचा फोटो, गोधडी, तांब्या, कोयता, मी, आणि स्वप्नालीची बातमी. सगळं एकात. मी म्हटलं, गाठोड्याला हसलास आणि स्वतः काय केलंस? तो म्हणाला, त्या दिवशी पेढे खायचे होते, बाबा.

१९ जुलै

एक विचित्र झालं. विचित्र म्हणजे चांगलंच.

स्वप्नालीने देव्हारा फ्रिजशेजारी नेला होता. तिथून देवांची तोंडं मोरीकडे. मी दोनतीन दिवस बोलून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, देवांना काही त्रास नाही, तुम्हालाच आहे. शेवटी अभिजीत वैतागला. खुर्चीतूनच म्हणाला, थांबा, देव्हाऱ्याची पुडी मागे घेतो, म्हणजे घरात शांतता. टकटक केलं आणि हसला. मीही हसलो.

पाणी प्यायला आत गेलो, तर देव्हारा जुन्या जागी. कोपऱ्यात. मागच्या भिंतीवर समईची काजळी, रोज दिवा लावल्यासारखी. फ्रिजशेजारी खिळ्याचं भोकसुद्धा नाही. स्वप्नाली पोळ्या लाटत होती. तिला म्हटलं, बरं झालं हलवलास. ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, देव्हारा कधी हलवलाच नाही मी.

अभिजीतही तेच म्हणाला. मला वाटलं दोघं मिळून म्हाताऱ्याची थट्टा करताहेत. पण मग मी मुद्दाम सांगून पाहिलं. संडासचा नवा बल्ब डोळ्यांवर येतो, मागे घे. शेजाऱ्यांनी जिन्यात ठेवलेलं चपलांचं कपाट, त्याचीही फाइलीत ओळ होती, तेही घे. गेलं. शेजारच्या सनीला विचारलं तर म्हणाला, कौनसा कपाट, अंकल?

खरं सांगतो संजू, मला मजा वाटली. जन्मात पहिल्यांदा माझं कोणीतरी ऐकत होतं.

२८ जुलै

घरात बोलणं कमी झालंय. स्वप्नालीला वासाने मळमळतं आणि तिचं म्हणणं, वास माझ्या बाजेचा आहे. ढेकूण आहेत म्हणते. एक ढेकूण दाखव म्हटलं, तर ताट आपटून आत गेली. तिची आई बाळंतपणाला येणार आहे, तिला हॉल हवा. मी झोपायचं कुठे, ते कोणी बोलत नाही. काल फोनवर आईला सांगत होती की घरात एक माणूस आला की घर त्याचंच होऊन जातं. दार उघडंच होतं. मला ऐकू यावं म्हणूनच उघडं होतं.

अभिजीत म्हणाला, बाज मागे घेऊन टाकू. पण घेता येईना. बाज त्या मोठ्या पुडीत. ती मागे घेतली तर सगळंच जाणार, बातमीसुद्धा. हे ऐकून स्वप्नालीने पोटावर हात ठेवला. तिला सगळं माहीत आहे, हे मला तेव्हा कळलं. देव्हाऱ्याचंही माहीत होतं की नव्हतं, देव जाणे.

मी मनात म्हटलं, बरं आहे. माझं गाठोडं त्या बाळाशी बांधलंय तोवर मला कोणी हात लावत नाही.

पण आज मधु शेठचा पुन्हा फोन. या वेळी ओरडला नाही, शिकवत होता. पुराना कमिट भी खुल सकता है बेटा, खोल, एक एक चीज अलग बांध, फिर जो चाहिए वो निकाल. शेठ सोफ्यांबद्दल बोलत होता. अभिजीत ऐकता ऐकता माझ्या बाजेकडे बघत होता.

४ ऑगस्ट

संजू, तू लिहिलंस की बाज तर तुम्ही पाड्यावरच सोडली होती ना. तूही? टेम्पोवर बाज चढवताना तू फोनवर होतीस, मी तुला म्हणालो होतो की पाय मोडेल. आठव जरा.

काल दुपारी बाजेचे पाय ओले दिसले. फरशी कोरडी, पाय ओले. मी फडक्याने पुसले, पुन्हा ओले, आणि फडक्याला गाळाचा वास. जेवून येतो तर बाज नाही. खिडकीशी चटई. स्वप्नाली म्हणाली, तुम्ही आल्यापासून चटईवरच झोपता, बाबा.

आज आपल्या पाड्यावरचा कैलास आला होता. तो आता बदलापूरला रिक्षा चालवतो. खालून हाक मारली, काकड्या आणल्या होत्या. मी एकटाच लिफ्टने उतरलो. तो म्हणाला, काका, धरण भरलं. आपला पाडा पार बुडाला, जांभळाचा नुसता शेंडा हाय वर. आणि मग म्हणाला, काका, तुमची बाज तिथंच रायली का वो? होडीतून जाताना बघितली, पाय वर करून तरंगत होती, निळी पट्टी. म्हटलं म्हाताऱ्यानं जीव लावून विनलेली, अशी कशी टाकली.

मी काकड्या तशाच हातात घेऊन उभा राहिलो.

मागे घेतलेली वस्तू जिथून आली तिथे जाते. देव्हारा कोपऱ्यात गेला. बाज आपल्या घरी गेली. आपलं घर पाण्याखाली आहे.

८ ऑगस्ट

सकाळी विठाच्या फोटोच्या काचेला आतून घाम आला होता. थेंब कपाळावरून ओघळत होते. मी फोटो काढून पोटाशी धरून बसलो. म्हटलं, धरून ठेवला तर कसा जाईल. जेवायलाही उठलो नाही. स्वप्नालीने ताट मोरीजवळ ठेवलं.

दुपारी डोळा लागला असेल नसेल, हात रिकामे होते. सदरा पोटावर भिजलेला. भिंतीवर खिळासुद्धा नाही.

तुझी आई पाण्यात आहे, संजू. तिला पोहता येत नव्हतं.

अभिजीतच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर माझी पुडी उघडी होती. एकेक ओळ तो वेगळी करत होता, शांतपणे, शेंगा सोलल्यासारखी. चुकून तांब्या आणि गोधडीच्या ओळी वेगळ्या केल्या, त्या त्याला एकत्र हव्या होत्या, तर खालच्या ओळीआधी एक इंग्रजी अक्षर टाकलं, छत्रीच्या मुठीसारखं वरून वाकलेलं, की खालची वरच्यात गेली. मी आहे हे त्याला माहीत होतं. म्हणाला, बघा बाबा, किती स्वच्छ दिसतं आता.

१२ ऑगस्ट

गोधडी गेली. तांब्या गेला. कोयताही.

आज मी सरळ विचारलं. म्हटलं, अभिजीत, सगळं वेगळं करून झालं की मग काय करणार आहेस? तो म्हणाला, काही नाही, नीटनेटकं ठेवतोय. मी म्हटलं, मला मागे घेतलंस तर मी कुठे जाईन, तुला ठाऊक आहे ना? तिथे छपरावर पाणी आहे. त्याने हेडफोन एका कानावरून खाली घेतला. माझ्याकडे बघितलं. लहानपणी ताप आला की बघायचा तसं नाही. मालाकडे बघतात तसं. म्हणाला, घर तुमचंच आहे ना, बाबा. तुम्हीच म्हणत होता, मला कशाला आणलंस.

म्हणत होतो. रोज म्हणत होतो. माणूस बोलतो तसं.

स्वप्नाली दारात होती. म्हणाली, मला उलट्या होतात, अभि, या गाळाच्या वासाने, लवकर काय ते कर.

वास माझ्या कपड्यांना येतो. साबणाने जात नाही.

१४ ऑगस्ट

तुला तिकडे येतो म्हटलं तर तू लिहिलंस, बाबा, गणपतीत मीच येते, तोवर अभिदादाशी भांडू नका. भांडत नाही ग. कैलासला फोन लावला, लागत नाही. खाली जायला लिफ्ट बोलावली, ती येते, दार उघडते, आणि आत पाऊल टाकायच्या आधीच मिटते. जिन्याने निघालो. गुडघा. दुसऱ्या वळणावर बसलो आणि सनी वर येत होता, माझ्या पायांवरून गेला. सॉरी म्हणाला नाही. कोणीच बसलेलं नसल्यासारखा —

पुडीत आता दोनच उरलो. वरची ओळ माझी. खालची बाळाची.

फोनवर कोणाला तरी सांगत होता अभिजीत, बाबा ऐकलेच नाहीत, आलेच नाहीत, शेवटपर्यंत घर सोडलं नाही त्यांनी. आवाज रडका केला होता. त्याला बरोबर वाटेना, म्हणून तेच पुन्हा म्हणून बघितलं.

फोन चालूच नव्हता.

१६ ऑगस्ट

केलं मी. सांगतो.

दुपारी खाली पार्सल आलं, अभिजीत उतरला. स्वप्नाली झोपली होती. पडद्यावर आम्ही दोघं, मी आणि बाळ. मला एकच सुचलं. घर एक, गाठोडं एक. बाळाशी पुन्हा बांधून घेतलं की मला कोण सोडवणार? सोडवायला बसला तर पुन्हा वेळ लागेल, तोवर तू येशील, गणपती आलेच —

बाळाच्या ओळीआधी ते वाकलेलं अक्षर टाकलं. खालचं मोठं बटण दाबलं. तो दाबतो तेच.

दोन ओळींची एक झाली. जिवाला बरं वाटलं. येऊन खिडकीशी बसलो. चटई कोरडी आहे. पाय कोरडे आहेत.

१७ ऑगस्ट

चुकलं, संजू —

खालची ओळ वरच्यात जाते. नाव वरच्याचं राहतं. मला वाटलं वर बाळाचं नाव दिसेल, तो थांबेल. सकाळी डोकावलो. यादीत एकच ओळ. बाबा. बाळाचं नाव कुठेच नाही. बाळ माझ्या आत आहे आणि वरून कळत नाही.

आणि तो उघडून बघत नाही. कधीच बघत नाही.

सांगायला गेलो. खोलीचं दार आतून लावलंय. हाका मारल्या. माझा आवाज — हंडा भरताना येतो तसा येतो. त्याच्या कानावर हेडफोन. आत टकटक चाललीय.

स्वप्नालीसमोर उभा राहिलो. ती सोफ्यावर चिकू सोलत होती. म्हटलं, पोरी, ऊठ, दार ठोक, सांग त्याला — तिने नाक मुरडून खिडकी उघडली, माझ्या अंगातून हात घालून —

फोन अजून चालतो. पान लिहितो आणि पाठवतो. कागद ओला होतोय, अक्षर फुटतंय, लावून घे.

मला जाऊ दे. मी म्हातारा. विठा तिथेच आहे. पण त्याला म्हणावं पुडी उघड, मागे घेण्याआधी उघडून बघ, आत दोघं आहेत. वेगळं कर आधी. एवढंच सांग. भांडू नकोस, रडू नकोस, एवढंच —

घोट्यापर्यंत आलं. गार आहे. गाळ पायाला लागतोय, आपल्या अंगणातला, शेणाने सारवलेला —

टकटक थांबली.

स्वप्नालीने पाय वर घेतले. फरशीकडे बघतेय. अभि, ओरडली, अभि, माझे पाय ओले कसे झाले —

संजू, फोन लाव त्याला. आत्ता लाव. मला लवकर कळव, लागला का, तो काय म्ह